ठोकळ्यांवरचा पलंग

४ नोव्हेंबर

विहीणबाईंना नमस्कार.

तुमच्या खोलीतून लिहिते आहे. खुबा बदलून आज नऊ दिवस झाले आणि तुमच्या पलंगावर आडवी होऊन चार. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, म्हणून मुलीने मला दवाखान्यातून थेट तिच्याकडे, म्हणजे तुमच्याकडे आणलं. आणि मी पोचायच्या आदल्याच दिवशी तुम्ही बॅग भरून भावाकडे निघून गेलात. खोली मोकळी करून दिलीत, त्याबद्दल आभार. पण जाताना ‘भावाकडे फोन धड लागत नाही, पत्र लिहा’ असं सांगून गेलात, ते काही माझ्या गळी उतरलं नाही. हल्ली फोन लागत नाही अशी जागा कुठे उरली आहे?

स्पष्टच लिहिते, राग मानू नका. तीस वर्षं शाळेत पर्यवेक्षिका होते. परीक्षेच्या वर्गात कोणाची नजर कुठे जाते ते बघण्यात माझी हयात गेली, त्यामुळे आता चष्मा काढला तरी नको ते दिसतं. पलंगाच्या चारी पायांखाली लाकडी ठोकळे आहेत. उंच पलंगावरून उठायला मला सोपं जातं, हे कबूल. पण प्रत्येक ठोकळ्याला वरून खोबण कोरलेली आहे आणि पलंगाचा पाय तिच्यात असा बसतो की मध्ये कागद जाणार नाही. माझं ऑपरेशन ठरलं ते जेमतेम पंधरा दिवस आधी. एवढ्यात सुताराने हे कधी केलं? जावईबापूंना विचारलं, तर म्हणाले, आईने माळ्यावरून काढून दिले. असे मापाचे ठोकळे कोणाच्या माळ्यावर आपोआप पडलेले असतात?

दुसरं, ती लांबुळकी उशी. दोन पायांमध्ये ठेवायला तुम्ही माझ्यासाठी मुद्दाम शिवलीत, असं मुलगी कौतुकाने सांगते. पण तिच्या नाड्या गाठीच्या जागी झिजलेल्या आहेत. नवी वस्तू झिजत नाही. तुमच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेलं होतं आणि मुलगी मागताना ते आमच्यापासून लपवलं, असं तर नाही ना?

झोपेचं विचाराल तर ती नाही. जन्मभर डाव्या कुशीवर, पाय पोटाशी घेऊन झोपले. आता डावाच खुबा नवा. कुशीवर वळायचं नाही, पाय पोटाशी घ्यायचे नाहीत, पायावर पाय टाकायचा नाही. रात्रभर छताकडे बघत पडते आणि मग जुनं सगळं आठवतं. अकरा वर्षांपूर्वी मुलांच्या लग्नाची बोलणी करायला तुम्ही आमच्याकडे आलात आणि दीड तास खिडकीशी उभ्या राहिलात. आमच्या सोफ्यावर टेकलासुद्धा नाहीत. आमचं घर तुमच्या नजरेत भरलं नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. त्याच बाईच्या पलंगावर आता मला झोप यावी कशी?

तुमच्या सुनेची आई


९ नोव्हेंबर

विहीणबाई,

पत्र पोचलं. पेन्सिलने लिहिते आहे, चालवून घ्या.

ठोकळे कापडाच्या पेट्यांसाठी केले होते. मी शिवणकाम करते, घरात कापड मावत नाही, पलंग उंच केला की खाली दोन पेट्या जातात. उशीच्या नाड्या जुन्या झग्याच्या आहेत. आमच्याकडे कोणी अंथरुणाला खिळलेलं नव्हतं. सोफ्याचं अकरा वर्षांनी काय उकरायचं?

झोपेचं तेवढं ऐका. मानेखाली एकच उशी घ्या, दोन घेतल्या की कमर दुखते आणि दोष खुब्याला जातो. कमरेच्या पोकळीत पातळ टॉवेलची घडी ठेवा. पलंगावर चढताना आधी काठावर बसा, मागे सरका, मग दोन्ही पाय एकदम वर घ्या, जणू ते एकमेकांना शिवलेले आहेत. उशीची वरची नाडी मांडीला, खालची पोटरीला, आत एक बोट जाईल इतकी सैल. दुखण्याची गोळी पडायच्या आधी अर्धा तास घ्यायची, पडल्यावर नाही. दुपारी अर्ध्या तासाच्या वर डोळा लागू देऊ नका, नाहीतर रात्र खायला उठते.

पहाटे तीनच्या सुमारास वाटेल की हा पाय आपला नाहीच, कोणीतरी आणून जोडला आहे. घाबरू नका. ते जातं.

आणि हे सगळं तीन महिने. एक दिवस कमी नाही.

तुमच्या जावयाची आई


१३ नोव्हेंबर

विहीणबाई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा शंकेची पाल चुकचुकली.

मी झोपेबद्दल चार ओळी लिहिल्या, तुम्ही पानभर उत्तर दिलंत. पहाटे तीनला पाय परका वाटतो, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मुलीला नाही, जावयांना नाही, रोज सकाळी पायाचे व्यायाम करून घ्यायला येते त्या मुलीलाही नाही. तिला मी व्यायामवाली म्हणते, कारण नाव सांगताना ती नेहमी दाराबाहेर असते. मग शिवणयंत्रावर बसणाऱ्या बाईला पहाटे तीनचा खुबा कसा ठाऊक? माझी मुलगी मी झोपेत काय बडबडते ते ऐकून तुम्हाला कळवते, असं मला वाटायला लागलं आहे. अकरा वर्षं तुमच्या घरात काढल्यावर ती तुमच्याकडची झाली असेल, तर त्यात नवल नाही. वाईट मात्र वाटतं.

आणि पेन्सिल कशाला? आमच्याकडे जी मुलं पेन्सिलने लिहायची ती खोडायची सोय ठेवायची. तुमच्या ओळीसुद्धा सरळ नाहीत, उजवीकडे सगळ्या वर चढल्या आहेत. तुमचा टाका इतका सरळ, मग ओळ तिरपी का?

असो. माझी काळजी करू नका. गेल्या तीन रात्री मला छान झोप लागते आहे. उशीची सवय झाली.

सुनेची आई


१८ नोव्हेंबर

विहीणबाई,

चौथ्या आठवड्यात कोणाला छान झोप लागत नाही. लागत असेल, तर उशी पायांत नाही.

तुम्ही रात्री नाड्या सोडता, उशी पायथ्याशी भिंतीच्या बाजूला ढकलता आणि सकाळी व्यायामवाली यायच्या आत परत बांधता. तसं करू नका. झोपेत माणूस आपल्या जुन्या सवयीवर जातो. पाय पोटाशी गेला, आत वळला आणि सांधा निसटला, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. ही शिवण अशी आहे की उसवली तर त्याच भोकांतून परत घालता येत नाही.

नाडी टोचत असेल तर तिच्याखाली मऊ कापडाची पट्टी घ्या. कपाटात डाव्या खणात आहे.

जावयाची आई


२१ नोव्हेंबर

विहीणबाई,

‘छान झोप लागते’ हे मी मुद्दाम खोटं लिहिलं होतं. घरातही तेच सांगितलं होतं. उशी मी काढते हे खरं, ती भिंतीच्या बाजूला ढकलते हेही खरं. पण ते फक्त मला आणि भिंतीला ठाऊक होतं.

तेव्हा आता प्रश्न एवढाच उरतो की रात्री माझ्यावर पाळत कोण ठेवतं. दाराला फट आहे. मुलीला तोंडावर विचारलं, तर रडायला लागली. परीक्षेच्या वर्गातही पकडलेली मुलं आधी रडायचीच.

आजपासून दाराला आतून खुर्ची लावून झोपणार. आणि पुढच्या रविवारी, तीस तारखेला, मी माझ्या घरी जाणार. तीन मजले चढवत नसतील तर एकेक पायरी बसून चढेन. पण स्वतःच्या घरात कोणाचा पहारा नसेल.

कपाटात पट्टी सापडली. तीही वापरलेली आहे.


२५ नोव्हेंबर

विहीणबाई,

मुलाने काल भावाच्या ऑफिसात फोन करून सगळं सांगितलं. सकाळी तुमचं दार उघडेना. खुर्ची काढायला तुम्ही एकट्या उठलात, वॉकर लांब राहिला, खुर्ची कलंडली आणि ती उचलायला वाकता येईना. पाऊण तास पलंगाचा खांब धरून उभ्या होतात, मुलगा खिडकीचे गज काढून आत येईपर्यंत. सून बाहेरून दाराला डोकं लावून रडत होती.

आता मी बोलते, तुम्ही ऐका. तुमच्या मुलीने तुमच्याबद्दल मला एक अक्षर कळवलेलं नाही. ती बिचारी तुम्ही झोपता आहात म्हणून खूश होती. दाराच्या फटीतून कोणी बघत नाही. मला कोणी सांगितलं ते विचारू नका, कारण सांगितलं कोणीच नाही.

जिना चढू नका. पायरीवर बसणं म्हणजे सगळ्यात खाली बसणं, आणि तेच करायचं नाही. माझ्यावर राग आहे ना, तो माझ्यावर ठेवा. मी लांब आहे, मला काही होत नाही. पण तीस तारखेला त्या घरातून निघू नका. हात जोडते.


२८ नोव्हेंबर

विहीणबाई,

पाऊण तास खांब धरून उभं राहिलं की माणसाला विचार करायला वेळ मिळतो.

त्या रात्री मी तुमची दोन्ही पत्रं आणि दवाखान्याने दिलेला सूचनांचा कागद शेजारी ठेवला, लाल पेन घेतलं आणि पेपर तपासतात तशी ओळ ओळ ताडून पाहिली. सगळं जुळतं. एक सोडून. कागदावर लिहिलं आहे, उशी सहा आठवडे. तुम्ही लिहिता, तीन महिने, एक दिवस कमी नाही. व्यायामवालीला विचारलं. ती म्हणाली, पूर्वी सर्रास तीन महिने सांगायचे, दहा-बारा वर्षांपूर्वी तर सगळेच. आता पुष्कळ डॉक्टर सहा आठवडे म्हणतात.

विहीणबाई, मी तीस वर्षं पेपर बघितले. कोणी दुसऱ्याचं बघून लिहिलं की त्यात दुसऱ्याची चूक उतरते. तुमचं उत्तर चुकलेलं नाही, ते जुन्या अभ्यासक्रमातलं आहे. आणि जुन्या अभ्यासक्रमातलं उत्तर इतकं तोंडपाठ त्यालाच असतं, जो तेव्हा त्या परीक्षेला स्वतः बसला होता.

ठोकळे तुमचेच. उशी तुमचीच. झिजलेल्या नाड्या तुम्हीच रोज बांधल्यात आणि रात्री सोडल्यात.

काल मी वॉकर घेऊन हॉलमध्ये गेले आणि सोफ्यावर टेकणार, तेवढ्यात मुलगी धावत आली. “आई, एवढ्या खाली नाही बसायचं!” तिने मला धरलं आणि मी तशीच उभी राहिले, खिडकीशी, हात मागे कठड्यावर टेकून. बराच वेळ उभी होते. मुलीला वाटलं मला चक्कर आली. चक्कर नव्हती, माझ्या घरातला तो बुटका सोफा माझ्या डोळ्यांपुढे आला होता.

मुलीची माफी मागितली. तिला हेर म्हटलं होतं मी. ती म्हणाली, जाऊ दे गं. मला ते जाऊ देता येत नाही.

रविवारी मी कुठेही जात नाही. तुम्हाला एकच विचारते, आणि या वेळी खोडता येणार नाही असं उत्तर द्या. आमच्याकडे बोलणी करायला आलात, तेव्हा तुमचा कितवा आठवडा होता?


३ डिसेंबर

विहीणबाई,

नववा.

नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा परगावी नोकरीला. उजवा-डावा असा काही विचार न करता मी दोन वर्षं लंगडत शिवण केली, मग भाऊ येऊन मला घेऊन गेला आणि त्याच्या डॉक्टरांनी डावा खुबा बदलला. मुलाला सांगितलं, भावाकडे राहायला चालले आहे. मी घरी परतल्यावर तो सुट्टीला आला, त्याला पलंगाखाली ठोकळे दिसले, तेव्हा त्यालाही कापडाच्या पेट्या सांगितल्या. त्याने दोन पेट्या स्वतः आत सरकवून दिल्या.

तेवढ्यात तुमच्या मुलीचं स्थळ आलं. माझी नणंद म्हणाली, लग्न जमेपर्यंत काठी कोणाला दिसू देऊ नकोस, मुलीकडचे म्हणतील यांना सून नको, नर्स हवी आहे. मला ते पटलं. काठी गाडीत ठेवून तुमच्या जिन्याचे सहा टप्पे चढले. सोफा पाहिला आणि कळलं, यावर बसले तर चार जणांनी उठवावं लागेल. म्हणून खिडकीशी गेले. कठडा मागून घट्ट धरला होता. तुम्ही दोनदा बसा म्हणालात. तिसऱ्यांदा म्हणाला नाहीत आणि तुमचा चेहरा बदलला, तोही मी पाहिला.

तेव्हाच मनाशी ठरवलं, मला लंगडी म्हणण्यापेक्षा गर्विष्ठ म्हणू देत. गर्विष्ठ बाईच्या घरी लोक मुली देतात.

नंतर सांगायचं राहून गेलं. लग्न झाल्यावर सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, फसवलं. मग जितकी वर्षं गेली तितकं ते अवघड होत गेलं. तुम्ही माझ्याशी तुटक बोलायचात आणि मी ते निमूट घ्यायची, कारण ते मीच कापून दिलेलं कापड होतं.

उशी भिंतीच्या बाजूला ढकलण्याचं म्हणाल, तर त्या पलंगावर दुसरीकडे ढकलली की ती खाली पडते. मी दोनदा पाडली होती.

झालं ते झालं. माझी तब्येत आता उत्तम आहे. तुम्ही तुमची जपा.


८ डिसेंबर

विहीणबाई,

काल तुमच्या पत्राला उत्तर लिहायला घेतलं. बसवत नव्हतं, म्हणून पाठीवर पडून, वही छातीवर उभी धरून लिहू लागले. चार शब्द उमटले आणि पेन थांबलं. झटकलं, परत दोन शब्द, परत थांबलं. पेन उलटं धरलं की शाई खाली येत नाही. मुलीला हाक मारून पेन्सिल मागितली. हे पत्र पेन्सिलनेच लिहिते आहे. वाचून बघा, माझ्याही ओळी उजवीकडे वर चढल्या आहेत.

माझी तब्येत उत्तम आहे म्हणता, आणि नोव्हेंबरपासून एकेक पत्र तुम्ही पाठीवर पडून लिहिलं आहे.

मग मी जावईबापूंना ठोकळ्यांचं परत विचारलं, नीट, तारीख धरून. आईने ते माळ्यावरून कधी उतरवले? त्यांनी आठवून सांगितलं. माझं ऑपरेशन ठरलं त्याच्या आधी आठ दिवस. म्हणजे ते माझ्यासाठी उतरवलेच नव्हते. तुमचा उजवा खुबा करायचं ठरलं होतं, पलंग उंच करून तयार होता, सुनेला सांगायचा धीर तुम्ही गोळा करत होतात आणि मध्येच मी आडवी झाले. एका पलंगावर दोघी कशा मावणार, म्हणून तुम्ही बॅग भरलीत. फोन लागत नाही म्हणालात, कारण फोनवर दवाखान्याचे आवाज ऐकू आले असते.

मी तुमच्या पलंगावर पडून तुम्हाला टोमणे लिहीत होते आणि तुम्ही पहाटे तीनला, तिकडे, एकट्या, तसलीच उशी ढकलत होतात. उशी काढू नका म्हणून मला लिहिलंत त्या रात्री तुम्ही स्वतः काढली होती की नाही, हे मी विचारत नाही. मला ठाऊक आहे.

मला लाज वाटते आहे, विहीणबाई. दुसऱ्याच्या चुका शोधण्यात माझा हात कोणी धरणार नाही, पण तुम्हाला तिसऱ्यांदा बसा म्हणायचं मला अकरा वर्षांत सुचलं नाही.

आता ऐका. सुताराला बोलावून तसेच आणखी चार ठोकळे करायला सांगितले आहेत, खोबणीसकट. मुलीने विचारलं कोणासाठी. मी म्हटलं, तुझ्या सासूसाठी. पुढचं मी सांगणार नाही, ते तुम्ही येऊन सांगायचं आहे. तिला नर्स व्हावं लागणार नाही. मी सहा आठवडे पुरे केले, आता काठीवर चालते, दुपारची गोळी द्यायला आणि टॉवेलची घडी सरकवायला मी आहे. तुमचा पलंग खिडकीकडे, माझा दाराकडे. रात्री झोप नाही आली तर छताकडे दोघी बघू. तुम्ही उशी पाडलीत तर मला ऐकू येईल.

भावाला सांगून तारीख कळवा. फोन लागत नाही हे मी आता ऐकून घेणार नाही.


१७ डिसेंबर

विहीणबाई,

हे पत्र पेनने लिहिते आहे, खुर्चीत बसून.

उजवाच. एक नोव्हेंबरला झाला. माझे डॉक्टर जुनेच आहेत आणि अजूनही तीन महिनेच सांगतात, तेव्हा तुमचा तो सहा आठवड्यांचा कागद माझ्यापुढे नाचवू नका. त्या रात्री उशी काढली होती.

तुमचं पत्र आलं तेव्हा भावजय शेजारी होती. तिला म्हटलं, धूळ गेली डोळ्यांत. ती म्हणाली, इथे कुठली धूळ. मग मी सरळ रडले.

शनिवारी भाऊ गाडीने सोडायला येतो आहे. पुढच्या सीटवर दोन गाद्या घालून उंच केली आहे. काठी या वेळी हातात असेल, गाडीत ठेवणार नाही. मुलाला आणि सुनेला दारातच काय ते सांगेन. तुम्ही शेजारी उभ्या राहा, म्हणजे मला मध्येच शब्द गिळता येणार नाहीत.

खिडकीशी एक उंच खुर्ची ठेवा. या वेळी एकदा बसा म्हणालात तरी पुरे.